जंतूंचें औषध

आमच्या कोल्हापुरांत 'ताकद' या शब्दाला जें वजन आहे, तें दुसऱ्या गांवीं क्वचितच असेल. गंगावेशींत म्हैस समोर उभी करून धारोष्ण दुधाचा पेला तेथल्या तेथें रिता करणारे लोक अजूनहि दिसतात; तालमींत बदाम घोटण्याचा आवाज अजून ऐकूं येतो; आणि शाहू महाराजांनीं बांधविलेल्या खासबागेच्या मैदानाचें नांव काढतांच एरवीं शांत असणारा गृहस्थहि मांडीवर थाप मारण्याच्या बेतांत येतो. अशा गांवांत आजाराचें निदान लोक तीन शब्दांत करतात : ताकद कमी पडली. उपाय तर दोनच शब्दांचा : खुराक वाढवा. ज्याला खुराक झेपत नाहीं त्याला पांढरा रस्सा. त्यामुळें २०२० च्या साथीपासून 'प्रतिकारशक्ति वाढविणें' हा शब्दप्रयोग जेव्हां दुकानादुकानांतून झळकूं लागला, तेव्हां त्याला येथें आयती नांगरलेली जमीन मिळाली.

दुधाशीं किंवा बदामाशीं आमचें कांहीं वैर नाहीं. परंतु कर्करोगाच्या संबंधांत हा शब्दप्रयोग कानीं पडला कीं आम्ही थबकतों. कारण या रोगाविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ति जागी करणारें एक जुनें आणि आजहि जगभर चालू असलेलें औषध खरोखरच आहे. तें जंतूंचें बनलेलें आहे. आणि खुराकाशीं त्याचा सुतराम् संबंध नाहीं. आमच्या पेठेंत एकाच घरांतील भावाला तें लागू पडलें आणि बहिणीला तें देतां आलें नाहीं. तें कां, हें त्या बहिणीला समजावून सांगण्याची पाळी आमच्यावर आली, आणि त्या निमित्तानें या औषधाची सारी हकीगत आम्हांला नीट उलगडून पाहावी लागली.

भाऊ म्हणजे आमचे तात्या. गणिताचे निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षें सिगारेट ओढली, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर एके दिवशीं लघवीला रक्त दिसलें. वेदना मुळींच नव्हती. मूत्राशयाच्या कर्करोगांत असें होतें, आणि वेदना नाहीं म्हणूनच पुष्कळ लोक स्वस्थ बसतात. तात्या बसले नाहींत. मूत्रमार्गांतून दुर्बीण घालून डॉक्टरांनीं गांठ खरवडून काढली. ती मूत्राशयाच्या अस्तरापुरतीच होती, खालच्या स्नायूंत शिरली नव्हती. परंतु तिची जात आक्रमक असल्यामुळें ती पुन्हा उगवण्याची भीति मोठी होती. म्हणून डॉक्टरांनीं सांगितलें कीं आतां मूत्राशयांत बीसीजी सोडावयाची.

"अहो, ती तर तान्ह्या बाळांना टोचतात!" तात्या म्हणाले, आणि त्यांनीं शेजारीं उभ्या असलेल्या नातवाच्या डाव्या दंडावरचा वण दाखविला.

तीच ही लस. क्षयाच्या जंतूचाच एक निर्बल केलेला भाऊबंद. कांखेंत टोचावयाची नाहीं, कीं गोळी म्हणून घ्यावयाची नाहीं. जिवंत जंतूंची ती पूड मिठाच्या पाण्यांत कालवून बारीक नळीनें थेट मूत्राशयांत सोडावयाची. आठवड्यांतून एकदां, असे सहा आठवडे. तात्यांचा वार मंगळवार ठरला. औषध आंत गेल्यावर दोन तास तें दाबून धरावयाचें, मधून मधून कूस बदलावयाची, म्हणजे आंतल्या सर्व बाजूंना तें लागतें. पुढें सहा तास प्रत्येक वेळीं शौचकूपांत ब्लीचिंगचें पाणी ओतून ठेवावयाचें, कारण बाहेर पडतात तेहि जिवंत जंतूच. हें सारें ऐकून तात्यांच्या सूनबाई क्षणभर गप्प झाल्या. सासऱ्याच्या पोटांत क्षयाचे जंतु घालण्यासाठीं आपण पैसे मोजतों आहों, ही कल्पना पचावयास सोपी नाहींच.

तिसऱ्या खेपेस रात्रीं ताप भरला, जळजळ सुरू झाली, अंग मोडून आलें. घरांत धांवपळ उडाली. डॉक्टरांनीं फोनवर ताप किती आणि किती वेळ, एवढेंच विचारलें, आणि सकाळपर्यंत उतरला नाहीं तर लगेच घेऊन या म्हणून बजावलें. दुसऱ्या दिवशीं ताप उतरला. या उपचारांत थोडा ताप येणें हें स्वाभाविक आहे. परंतु तोच ताप चढत राहिला तर ते जंतु रक्तांत शिरले असण्याचा संभव असतो, आणि मग क्षयाचीं औषधें द्यावीं लागतात. ताप हा येथें खुणेचा आणि धोक्याचाहि. खुराकांत असा प्रकार नसतो. दूध कोणी अंगावर उलटेल म्हणून ब्लीचिंगची पूड जवळ घेऊन बसत नाहीं.

रोगाच्या जंतूंपासूनच औषध करणें महाराष्ट्राला नवें नाहीं. हाफकिन यांनीं १८९७ च्या जानेवारींत मुंबईंत प्लेगच्या मारलेल्या जंतूंची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि परळची त्यांची संस्था आजहि त्यांचें नांव चालवीत आहे. प्लेगनें कोल्हापूरलाहि शाहू महाराजांच्या काळांत सोडलें नव्हतें. परंतु तेथें न्याय सरळ होता : प्लेगचा जंतु दाखवून शरीराला प्लेगशींच लढावयास शिकवावयाचें. एका रोगाचे जंतु घालून दुसराच रोग हटवावयाचा, ही गोष्ट निराळी, आणि ती सुचली एका दुःखी तरुण शल्यवैद्याला.

विल्यम कोली हें त्याचें नांव. न्यूयॉर्कमध्यें १८९० सालीं त्याच्याकडे बेसी डॅशील नांवाची सतरा वर्षांची मुलगी हात दुखतो म्हणून आली. हाडाचा कर्करोग निघाला. त्यानें हात कापला, तरी १८९१ च्या जानेवारींत ती गेली. हा तरुण मग रुग्णालयाचीं जुनीं दप्तरें चाळीत बसला, आणि त्यांत त्याला स्टाइन नांवाच्या एका जर्मन मजुराची नोंद सांपडली. मानेवरील गांठ कितीदां कापली तरी पुन्हा वाढत होती. डॉक्टरांनीं आशा सोडली होती. इतक्यांत जखमेंत धांवरें उठलें, म्हणजे आपल्या वैद्यकग्रंथांतील विसर्प. आणि तापाच्या तडाख्यांत ती गांठ विरून गेली. कोली एवढ्यावर थांबला नाहीं. गरीब वस्तींतील चाळी हुडकून त्यानें त्या माणसाला शोधून काढलें. सुमारें सात वर्षें लोटलीं होतीं, आणि माणूस ठणठणीत होता. दप्तरांतील एक ओळ वाचून जिने चढत हिंडणारा हा डॉक्टर आम्हांला त्याच्या पुढील साऱ्या कीर्तीपेक्षां अधिक आवडतो.

त्यानंतर त्यानें एका इटालियन रुग्णाला धांवऱ्याचे जिवंत जंतु टोचले. तो मरतां मरतां वांचला, त्याची गांठ फुटून गेली, आणि तो आणखी सुमारें आठ वर्षें जगला. इतर कांहीं रुग्ण मात्र त्या जंतूंच्या तापानेंच दगावले. तेव्हां कोलीनें मारलेल्या जंतूंचें मिश्रण केलें, आणि १८९३ सालीं तें पोटांत मोठी गांठ असलेल्या सोळा वर्षांच्या एका मुलाला दिलें. हा मुलगा पुढें सव्वीस वर्षें जगला आणि हृदयविकारानें वारला. अशा कांहीं हकीगती खऱ्या आहेत; त्या वाचून अंगावर कांटा येतो.

परंतु या औषधाची मात्रा रोज निराळी, करण्याची रीति दर कारखान्याची निराळी, टोचण्याची जागा कोलीच्याच हातून वेळोवेळीं बदललेली. कोणाला लागू पडलें आणि कोणाला नाहीं, याचा हिशेब नीट राहिला नाहीं. त्याच सुमारास क्षकिरण आणि रेडियम पुढें आलें. त्याची मात्रा मोजतां येत होती. १९३६ सालीं कोली वारला, आणि त्याचें औषध मागें पडलें. त्याची मुलगी हेलन हिनें वडिलांचे कागद उकरून जुन्या रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या आणि १९५३ सालीं कर्करोग व प्रतिकारशक्ति यांच्या संशोधनासाठीं न्यूयॉर्कमध्यें एक संस्था उभी केली. ती स्वतः डॉक्टर नव्हती.

हें सारें घडतें कसें? कर्करोगाची गांठ परकी नसते; घरचीच पेशी बिघडून ती झालेली असते, आणि म्हणून रक्तांतील पांढऱ्या पेशी पुष्कळदां तिच्याकडे काणाडोळा करतात. घरांत चोर लपलेला आहे, कोणाला पत्ता नाहीं. इतक्यांत दारांतल्या कडब्याला आग लागावी, आळींतील माणसें घागरी घेऊन धांवावीं, आणि आग विझवितांना माळ्यावरचा चोरहि त्यांच्या हातीं लागावा, तसा कांहींसा हा प्रकार आहे. जंतु म्हणजे ती आग. ती चोराच्या जवळ लागली पाहिजे, मोठी लागली पाहिजे, आणि घर जाळण्याइतकी मोठी लागतां कामा नये.

बीसीजीची आग अशी बेतानें लागणारी ठरली. काल्मेत आणि गेरँ या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९०८ पासून गुरांच्या क्षयाचा जंतु ग्लिसरीन आणि बैलाचें पित्त लावलेल्या बटाट्याच्या फोडीवर वाढविला. दर तीन आठवड्यांनीं तो नव्या फोडीवर नेला. आणि असें २३० वेळां केलें. मध्यें पहिलें महायुद्ध झालें, त्यांचें लील शहर जर्मनांच्या ताब्यांत गेलें, तरी बटाट्याच्या फोडी बदलणें चालूच होतें. तेरा वर्षांनीं जंतूचा विषारीपणा गेला, आणि १९२१ सालीं पॅरिसमध्यें तो प्रथम एका अर्भकाला देण्यांत आला. एवढ्या धिम्या कामाची कल्पना केली कीं आमच्या घरांतील चहा उशिरां आल्याची तक्रार आम्हांला फार क्षुल्लक वाटूं लागते.

ही लस दिलेल्या उंदरांत कर्करोगाची कलमें सहज रुजत नाहींत, असें लॉइड ओल्ड यांनीं १९५९ सालीं दाखविलें. मग सर्वांनीं ती सर्व कर्करोगांवर वापरून पाहिली. फ्रान्समध्यें मातें यांनीं १९६९ सालीं रक्ताच्या कर्करोगावर आशादायक निकाल प्रसिद्ध केला. नंतरच्या मोठ्या चांचण्यांत ती आशा टिकली नाहीं. अमेरिकेंत मॉर्टन यांनीं कातडीवरील काळ्या कर्करोगाच्या गांठींत ती टोचली : ज्या गांठीला सुई लागली ती बहुधा विरली, दूरच्या गांठी बहुधा तशाच राहिल्या. कॅनडांतील किंग्स्टन येथें मोरालेस यांनीं मात्र या अनुभवांतून निराळा रस्ता धरला. जर औषध गांठीला भिडल्याशिवाय चालत नसेल, तर जेथें तें सर्व बाजूंनीं भिडवितां येईल अशी जागा शोधावी. मूत्राशय ही पिशवी आहे. ती भरतां येते, रिकामी करतां येते, आणि अस्तरापुरती गांठ तिच्यांत पातळ पसरलेली असते. १९७६ सालीं त्यांनीं अवघ्या नऊ रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली, आणि आज या जातीच्या कर्करोगावर तोच मुख्य उपचार आहे.

आतां सहा आठवडेच कां? तात्यांनीं हा प्रश्न विचारला होता, आणि गणिती मनुष्याला त्याचें उत्तर ऐकून मोठी मौज वाटली. मोरालेस यांना मिळणारी लस सहा कुप्यांच्या पुड्यांत येत असे. आठवड्यानें त्रास ओसरतो म्हणून आठवड्यानें एक, आणि कुप्या सहा म्हणून आठवडे सहा. पुढें शेंकडों रुग्णांच्या चांचण्या झाल्या, तीन वर्षांपर्यंत अधूनमधून पुन्हा देण्याची पद्धत आली, पण पहिले सहा तसेच राहिले. "म्हणजे डझनाचा पुडा असता तर मी बारा मंगळवार झोपलों असतों," तात्या म्हणाले.

या औषधाच्या प्रवासांतील आणखी एक गंमत आमच्या जवळची आहे. २०१२ पासून परदेशांतील एका मोठ्या कारखान्याचें उत्पादन अडखळलें, पुढें बंदहि पडलें, आणि श्रीमंत देशांतील रुग्णांनाहि बीसीजीसाठीं वाट पाहावी लागली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें तयार होणारी कर्करोगासाठींची बीसीजी त्यानंतर कॅनडांतहि जाऊं लागली. उपचार किंग्स्टनचा, आणि कुपी पुण्याची.

तात्यांचे सहा मंगळवार पुरे झाले. दुर्बिणींतून पाहिलें तेव्हां अस्तर स्वच्छ निघालें. त्याच वर्षीं त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, आक्कांच्या, स्तनांत गांठ निघाली.

आक्का लहानपणीं तात्यांच्या पाठीवर बसून पंचगंगेंत पोहावयास शिकलेल्या. नवरा गेल्यापासून भावाच्या शेजारच्याच घरांत राहणाऱ्या. त्यांचें ऑपरेशन झालें. कांखेंतील कांहीं गांठींतहि रोग पोंचलेला निघाला. आणि केमो सुरू झाली. केंस गेले, तोंड आलें, पण आक्कांचा खरा सल निराळाच होता. एका संध्याकाळीं त्यांनीं आम्हांला बसवून घेतलें आणि सरळ विचारलें, "त्याला जंतू दिले आणि तो बरा झाला. मग मला तेच का देत नाहीत? मला हे विष, आणि त्याला बाळाची लस? तुम्ही वाचता-बिचता, तुम्ही सांगा."

या प्रश्नांत रोगाच्या भीतीपेक्षां वाटणीचें दुःख अधिक होतें, असें आम्हांला वाटलें. जन्मभर प्रत्येक वस्तु भावाबरोबर अर्धी अर्धी वांटून घेतलेल्या बाईला एका औषधाचा वांटा मिळत नव्हता. 'डॉक्टरांना ठाऊक' असें म्हणून उठून येणें सोपें होतें. तें आमच्यानें झालें नाहीं. आम्हीं वर लिहिलें आहे तें सारें, कोलीपासून मूत्राशयाच्या पिशवीपर्यंत, त्यांना सांगितलें. रोग कांखेपर्यंत गेला म्हणजे तो एका पिशवींत उरला नाहीं. सर्वांगांत फिरणारें औषधच त्याला गांठूं शकतें. आणि बीसीजी रक्तांतून सर्वांगांत फिरविणें म्हणजे आग घरभर पसरविणें. हेंहि सांगितलें कीं स्तनाच्या कर्करोगावर केमोचा हिशेब हजारों स्त्रियांवर मांडलेला आहे, आणि बीसीजीचा तेथें मांडून पाहिला तो जमला नाहीं.

त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "म्हणजे तात्याचं नशीब पिशवीत होतं म्हणायचं."

जंतूंच्या औषधाचे प्रयोग आपल्या देशांतहि पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांत एक चमत्कारिक देवाणघेवाण दिसते. पुण्यांत जन्मलेल्या आणि हुजूरपागेंत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत डॉ. खानोलकरांच्या हाताखालीं काम करीत होत्या. कर्करोगाच्या त्या घरांत १९५८ सालीं बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनीं कुष्ठरोग्याच्या शरीरांतून मिळालेला एक जंतु प्रयोगशाळेंत वाढविला, आणि पुढें त्यापासून कुष्ठरोगावरील लस झाली. उलट, दिल्लीच्या डॉ. प्राण तलवार यांनीं कुष्ठरोगासाठीं निवडलेला जंतु, ज्याच्या शास्त्रीय नांवांत आज 'प्राणी' असा त्यांच्या नांवाचा अंश आहे, तो पुढें फुफ्फुसाच्या कर्करोगावर केमोच्या जोडीला देऊन पाहिला गेला. २२१ रुग्णांच्या त्या चांचणीचा निकाल २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. एकंदर रुग्णांच्या आयुष्यांत ठळक फरक पडला नाहीं. एका विशिष्ट जातीच्या गांठींत लाभ दिसला. आम्हांला हा निकाल निराशेचा वाटत नाहीं. कोलीच्या हातीं असा एक निकाल असता तर त्याच्या औषधाचीं पन्नास वर्षें वादांत गेलीं नसतीं.

बाजारांत याचें काय होतें, तें मात्र पाहवत नाहीं. आक्कांच्या एका भाच्यानें पुण्याहून 'चांगल्या जंतूंची' पूड आणली. डब्यावर ढाल घेतलेल्या योद्ध्याचें चित्र, आणि खालीं प्रतिकारशक्तीचा नेहमींचा मंत्र. भाच्याचें प्रेम खरें होतें. डब्याची किंमतहि प्रेमाला साजेशीच होती. वास्तविक केमोच्या दिवसांत पांढऱ्या पेशी जेव्हां तळाला गेलेल्या असतात, तेव्हां दह्यांतले म्हणून निरुपद्रवी समजले जाणारे जंतुहि क्वचित् रक्तांत शिरून घात करतात. २०२१ सालीं अमेरिकेंतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, कातडीच्या कर्करोगावर प्रतिकारशक्तीचीं नवीं औषधें घेणाऱ्या रुग्णांपैकीं ज्यांच्या जेवणांत भाज्या, डाळी, फळें यांचा चोथा भरपूर होता त्यांना लाभ अधिक झाला. विकतच्या जंतूंच्या पुडीनें लाभ दिसला नाहीं. म्हणजे भाकरी आणि पालेभाजी या बिनजाहिरातीच्या वस्तूच त्यांतल्या त्यांत बऱ्या ठरल्या. डॉक्टरांनीं आक्कांना पूड घेऊं नका म्हणून स्पष्ट सांगितलें, आणि ताजें शिजविलेलें अन्न खा म्हटलें. डबा आतां स्वयंपाकघराच्या फळीवर न फोडतां ठेवलेला आहे. भाच्याला वाईट वाटूं नये म्हणून तो परतहि करावयाचा नाहीं.

तात्यांनीं एक वही घातली आहे. डाव्या पानावर त्यांच्या दुर्बिणीच्या तपासणीच्या तारखा, दर तीन महिन्यांची एक. उजव्या पानावर आक्कांच्या पांढऱ्या पेशींचे आंकडे, प्रत्येक केमोच्या आधींचे. मागच्या खेपेस आंकडा फार खालीं आला म्हणून केमो एक आठवडा पुढें ढकलावी लागली, आणि त्या आठवड्यांत आक्का रोज एकदां तरी वही मागून पाहत होत्या. सोमवारीं पुन्हा रक्त तपासलें. आंकडा पुरेसा वर आला होता. तात्यांनीं तो उजव्या पानावर लिहिला, खालीं रेघ ओढली, आणि बहिणीला सकाळीं सातला तयार राहावयास सांगितलें.